प्रमाणित तापमान

डाव्या पायाच्या अंगठ्याचं तापमान २३.४ अंश सेल्सिअस होतं आणि खोलीचं २२.९. तो अंगठा एका जिवंत माणसाचा आहे याला पुरावा एवढाच, अर्धा अंश.

"झालं का?" धनाजीनं विचारलं. "का अजून कुठं चिकटवायचंय?"

"हलू नको, दादा."

"मी कुठं हलतोय? ती बोटं हलत असती तर तुला पुण्यासनं बोलावलं असतं होय?"

धनाजी निकम सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, त्याला नऊ वर्षं झाली होती. कल्याणी त्याची धाकटी बहीण, रसायनशास्त्रज्ञ. तासगावजवळच्या त्यांच्या गावी ती सकाळीच पोचली होती आणि पोचल्यापोचल्या त्यानं तिच्यापुढं एक पत्र टाकलं होतं. निवृत्त सैनिक अपंगत्व मंडळानं त्याचा दावा फेटाळला होता. सोबत पायाच्या चाचणीचं प्रमाणपत्र होतं.

"वर नाव नाही, नुसता नंबर," तो म्हणाला होता. "पण खालची सही वळखीची वाटली. तुझीच न्हवं?"

तिचीच होती.

इजाकाल चाचणी कल्याणीच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. तिचं तत्त्व साधं आहे. आपली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचे रेणू दोन तऱ्हेचे असू शकतात, डाव्या आणि उजव्या हातमोज्यांसारखे. घडण तीच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. जिवंत पेशी फक्त डावे वापरते. जखम भरते तेव्हा व्रणात जी नवी प्रथिनं बसतात तीही सगळी डावी असतात. पण एकदा ती रचून झाली की शरीर त्यांच्याकडे सहसा पुन्हा बघत नाही, आणि वर्षांमागून वर्षं त्यातला एखादा रेणू आपोआप उलटून उजवा होत जातो. व्रणाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, डावे किती आणि उजवे किती ते मोजायचं, की जखम किती जुनी ते कळतं. पडताळा सिझेरियन झालेल्या एकतीस बायकांवर घेतला होता, कारण त्या व्रणाची तारीख मुलाच्या जन्मनोंदीत मिनिटासकट सापडते. चूक पाच महिन्यांच्या आत आली होती.

मंडळाला ही चाचणी फार आवडली. त्यांच्यापुढे येणारा जवळजवळ प्रत्येक दावा एकाच प्रश्नावर अडायचा : इजा सेवेत झाली, की घरी परत आल्यावर? पूर्वी त्यासाठी कागद वाचावे लागत, साक्षी ऐकाव्या लागत, आणि कधी कधी समोर उभ्या असलेल्या माणसाकडे मान वर करून बघावंही लागे. आता ती तसदी संपली.

धनाजीच्या व्रणाचं वय प्रमाणपत्रात पाच वर्षं दोन महिने लिहिलं होतं. त्याचे पाय गोठले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. वीस हजार फुटांवरची चौकी, तीन दिवसांचं वादळ, बाहेर अडकलेले सहा जण.

"तेव्हाच दवाखान्यात नोंद का नाही करून घेतलीस?"

"पुढच्याच महिन्यात हवालदारकीचा क्लास होता." धनाजी पायमोजा चढवत होता, हातानं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. "पाय गोठल्याचा कागद झाला की तब्येतीची श्रेणी उतरली, क्लास गेला, बढती गेली. मीच म्हणलं, लिहू नका. सगळेच म्हणायचे. आमच्या सहांतल्या कोकरेनं माझे पाय आपल्या पोटावर घेतले, उघड्या पोटावर, स्वेटरच्या आत. शिव्या देत होता. 'पाय आणलेस का बर्फाच्या लाद्या,' म्हणून. त्याची स्वतःची तीन बोटं गेली नंतर. त्याचा पण दावा गेला मागच्या साली."

कल्याणीनं प्रमाणपत्र पुन्हा उलगडलं.

"मला वाटलं, आता कागदाचं काम नाही. पायच साक्ष देईल. चाचणीला मीच पुढं होऊन हो म्हणलं, कल्याणी. मला कुणी ढकललं नव्हतं."

पाच वर्षांपूर्वी तो द्राक्षांच्या एका शीतगृहात पहारेकरी होता. मंडळानं लिहिलं होतं : 'अर्जदार सदर काळात शीतगृहात नोकरीस होता, ही बाब पुरेशी बोलकी आहे.' शीतगृहाचा पहारेकरी शीतगृहात बसत नाही. तो फाटकावर बसतो, पत्र्याच्या शेडखाली, तासगावच्या एप्रिलमध्ये. मंडळातल्या तिघांपैकी एकालाही हे सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली असेल.

तिनं वहीत दोन ओळींचं गणित मांडलं. रेणू किती वेगानं उलटतात हे तापमानावर अवलंबून असतं. नऊ-दहा अंश कमी झाले की वेग पावपट उरतो. चाचणीचं सूत्र व्रण तेहतीस अंशांवर आहे असं धरून चालतं, कारण पोटावरचे व्रण साधारण तेवढेच उबदार असतात. पण हिमदंशानं बारीक रक्तवाहिन्या मरतात. रक्त पोचत नाही, आणि पाय आयुष्यभर गार राहतो. गार पायात ते घड्याळ सावकाश चालतं. एकोणीस वर्षांची जखम पाच वर्षांची दिसते.

म्हणजे इजा जितकी खोल तितका पाय गार, पाय जितका गार तितकं जखमेचं वय कमी, आणि दावा तितक्याच खात्रीनं नामंजूर. मुद्दाम ठरवून असं यंत्र बनवायचं म्हटलं असतं तर कुणाला जमलं नसतं.

हे तिला त्या दिवशीच कळलं असतं तर तिला स्वतःकडे बघणं सोपं गेलं असतं. पण चाचणी सुरू झाली त्या वर्षीच तिनं मंडळाला लिहिलं होतं की नमुन्याच्या अर्जात 'उतीचं तापमान' असा एक रकाना हवा. मंडळाचे सचिव चिंचणकर यांचं उत्तर आलं होतं : अर्जाचा नमुना वरून मंजूर झालेला आहे, त्यात रकाना वाढवता येत नाही. सबब सर्व नमुन्यांसाठी तेहतीस अंश हे प्रमाणित तापमान धरण्यात यावं. तिनं ते पत्र फायलीत लावलं आणि सह्या करत राहिली. समोर पाय नव्हते, नंबर होते.

दुपारी सारिका, धनाजीची बायको, तिच्याजवळ येऊन बसली. हातात लसणाचं ताट होतं.

"ताई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा ना, वहिनी."

"शीतगृहात खरंच काय झालं नव्हतं ना?"

"तुमच्या लग्नाच्या वेळी कसे होते त्याचे पाय?"

"असेच. हळद लावताना माझ्या मावशीनं हात मागं घेतला होता. म्हणाली, नवरा हाय का घागर." सारिका हसली आणि लगेच थांबली. "मला सगळं ठावं हाय. पर मशीन काय कुणाचं लागतंय? त्याला काय पडलंय खोटं बोलायचं? एकदा विचारलं मी त्यांना. चार दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत."

गावातही तेच. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा फडकवायला दरवर्षी धनाजीला बोलावत. दावा फेटाळला त्या वर्षी मुख्याध्यापकांनी तलाठ्याला बोलावलं. धनाजीला कुणी काही बोललं नाही. मागच्या रांगेत खुर्ची मात्र आठवणीनं ठेवली होती.

कल्याणीनं अपील लिहून दिलं. सोबत एक तांत्रिक टिपण जोडलं : संवेदक पायावर अकरा आठवडे लावून घेतलेल्या नोंदी, त्यांची सरासरी, दुरुस्त केलेलं गणित. तेरा पानं. मंडळात बसणाऱ्या कुणालाही समजेल अशा भाषेत लिहायचं म्हणून तिनं ते तीनदा लिहिलं. मंडळाबद्दल तिच्या मनात तेव्हा एवढा तरी आदर होता.

पहिल्या सुनावणीला टिपण मिळालंच नव्हतं. दुसऱ्या सुनावणीला मिळालं होतं, पण नोंदी खाजगी उपकरणानं घेतलेल्या असल्यामुळं विचारात घेता येत नव्हत्या. ते उपकरण प्रयोगशाळेचं होतं, मंडळानंच घेऊन दिलेलं. तिसरी सुनावणी अध्यक्ष दिघे परगावी गेल्यामुळं पुढं ढकलली गेली. ते एका परिषदेत भाषण करायला गेले होते, आणि परिषदेचा विषय होता 'सैनिकांना त्वरित न्याय'. भाषण गाजलं म्हणे. चौथ्या वेळी डॉक्टर सदस्य आले नाहीत, आणि ज्यांना पाय आणि पायमोजा यातला फरक सांगता आला नसता असे उरलेले दोघे म्हणाले, वैद्यकीय मताशिवाय आम्ही कसं ठरवणार? यात अडीच वर्षं गेली.

त्या अडीच वर्षांत एक नवा उपचार आला होता. माणसाच्याच पेशी वाढवून पायात टोचायच्या, त्यातून बारीक रक्तवाहिन्या नव्यानं वाढतात. तो फक्त लष्करी रुग्णालयात होत असे आणि ज्यांची इजा मंडळानं मान्य केली आहे त्यांनाच मिळत असे. तिथल्या शल्यविशारदानं धनाजीचा पाय तपासला आणि कल्याणीला बाजूला घेऊन सांगितलं, "बोटं गेल्यातच जमा आहेत. पाऊल अजून जिवंत आहे. चार महिन्यांत टोचलं तर वाचेल. नंतर मी घोट्याच्या वर कापीन, दुसरं काही करता येणार नाही."

त्यातले दोन महिने संपले तेव्हा चिंचणकरांचा फोन आला. भेटायला या, म्हणाले, तुम्ही एकट्याच या.

सचिवांच्या खोलीत चहा आला, बशीत दोन बिस्किटं आली. चिंचणकर गोरे, नीटस, फार हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर एकही कागद नव्हता. कागद न ठेवण्यात त्यांची हयात गेली होती.

"मॅडम, अध्यक्षसाहेब फार हळवे आहेत हो. तुमच्या बंधूंची केस त्यांना झोपू देत नाही."

"अडीच वर्षं?"

ते हसले. "आम्ही विशेष सहानुभूती म्हणून मंजुरी देऊ शकतो. तशी तरतूद आहे. येत्या बावीस तारखेला आदेश, दुसऱ्या दिवशी रुग्णालय. फक्त तेवढं तांत्रिक टिपण त्यांनी मागं घ्यायचं. तोंडी, सुनावणीत. म्हणजे कसं, चाचणीला बाधा येत नाही आणि माणसाचंही भलं होतं."

"टिपण बरोबर आहे, हे तुम्हाला कळलंय."

"मला कुठं रसायनशास्त्र कळतं?" त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. "पण मी असा विचार केला, उपचार झाला की पाय गरम होणार. एकदा गरम झाला की पुन्हा मोजायला काय उरतं? विषयच मिटला."

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. इतके दिवस तिला वाटत होतं की या लोकांना समजत नाही. त्यांना समजत होतं. समजलं होतं म्हणून तर सहानुभूती निघाली होती.

"हातापायांच्या हिमदंशाचे चारशे बारा दावे या चाचणीवर नामंजूर झालेत," ती म्हणाली. "चारशे बारा. मी मोजलेत."

"त्यांनी अपील केलंय का?"

"तुम्ही त्यांना शास्त्रीय प्रमाणपत्र पाठवलंत. कशाच्या जोरावर करतील?"

"मग झालं तर. जो मागतच नाही त्याला मी कुठल्या नियमानं देऊ?" चिंचणकर उठले. भेट संपली होती. "आणि मॅडम, राग मानू नका, त्या प्रमाणपत्रांवर सही तुमची आहे. स्वतःच्याच सहीविरुद्ध टिपण देणं जरा विचित्र दिसतं. सही मागं घ्यायचा तर आमच्याकडे फॉर्मसुद्धा नाही. तुम्ही शांत स्वभावाच्या आहात, समजूतदार आहात. भावाला समजावा."

बिस्किटं तशीच राहिली. जिना उतरताना तिला चिंचणकरांची किळस आली. पण तिच्या स्वभावाबद्दल ते म्हणाले ते खरं होतं, याची जास्त आली. ती शांत स्वभावाची होती. मंडळाचा सगळा कारभार शांत स्वभावाच्या माणसांवर चालला होता.

गावी जाऊन तिनं तिघांत सगळं सांगितलं, जसंच्या तसं. आपलं मत दिलं नाही.

सारिका आधी बोलली. "यात विचार कसला करायचा? घ्या म्हणते मी. तुमचं खरंखोटं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला त्यांचा पाय पायजे."

"सहानुभूती म्हंजे काय, कळतंय का तुला?" धनाजी म्हणाला. "खोटं बोलला, पर जाऊ द्या बिचारा, असा त्याचा अर्थ होतो. ते कागदावर लिहिणार."

"लिहू द्या की! गावानं काय आधी आरती ओवाळली तुमची?"

धनाजी अंगणातल्या कोंबड्या बघत राहिला. मग कल्याणीला म्हणाला, "तू सांग."

"मी नाही सांगणार, दादा. पाय तुझा आहे."

"आता बरा आठवला. सही करताना नव्हता आठवला माझा पाय."

सारिकानं "अहो" म्हणून त्याला दटावलं. कल्याणी मान खाली घालून बसली. तो म्हणाला ते बरोबर होतं आणि त्यात दुरुस्ती करण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "घेतो मी. लाज वाटतीय, पर घेतो. शेतात दोन पायांवर उभं ऱ्हावंसं वाटतंय मला अजून. एवढंच हाय की कोकरेला काय तोंड दाखवू?"



बावीस तारखेला सुनावणीची खोली थंड होती. अध्यक्षांना उकाडा सोसत नसे. धनाजी कुबड्या घेऊन पुढच्या बाकावर बसला, शेजारी सारिका, मागं कल्याणी. भिंतीवर एका पडद्यावर खोलीत बोललेला प्रत्येक शब्द उमटत होता. ही नवी व्यवस्था त्याच वर्षी आली होती. सुनावणीत जे उच्चारलं जाईल ते त्याच क्षणी सार्वजनिक नोंदीत जाई आणि ते खोडायचा अधिकार मंडळालाही नव्हता. कागद मंडळाला मिळत नसत, पण आवाज मिळाला नाही असं आता म्हणता येत नव्हतं. सदस्यांनी त्यावर उपाय काढला होता. ते फार कमी बोलत आणि अर्जदाराला त्याहून कमी बोलू देत.

"अर्जदार निकम," अध्यक्ष दिघे म्हणाले. "तुम्हाला टिपणाबाबत काही निवेदन करायचंय?"

धनाजी उभा राहिला. बसून बोललं तरी चालेल असं त्याला कुणी म्हटलं नाही.

"टिपण मागं घेतो, साहेब."

पडद्यावर ते शब्द उमटले. डॉक्टर सदस्यांनी घड्याळ बघितलं. अध्यक्षांनी समोरचा आदेश वाचायला घेतला. तो आधीच लिहून तयार होता. मंडळाची सैनिकांप्रती असलेली कृतज्ञता चार ओळी चालली. मग इजाकाल चाचणीच्या निष्कर्षास कोणतीही बाधा न आणता, तसेच अर्जदाराच्या कथनाच्या सत्यतेबद्दल मत व्यक्त न करता, निव्वळ विशेष सहानुभूतीपोटी अपील मंजूर. सारिकानं पदर डोळ्यांना लावला. धनाजी भिंतीकडे बघत होता, शिक्षा ऐकणाऱ्या माणसासारखा.

अध्यक्षांनी सही केली. चिंचणकरांनी शिक्का मारला, प्रत क्रमांक घातला, आणि कागद धनाजीच्या हातात दिला. कल्याणी त्या एकेका कृतीकडे लक्ष देऊन बघत होती. नियमाप्रमाणे सही, शिक्का आणि प्रत दिल्यानंतर आदेश अंतिम होतो आणि मंडळाला तो फिरवता येत नाही. नियमांचं ते पुस्तक तिनं गेल्या आठवड्यात दोनदा वाचलं होतं, आणि हे कलम तर तोंडपाठ केलं होतं.

"पुढचा क्रमांक," चिंचणकर म्हणाले.

कल्याणी उभी राहिली.

"बाई, तुमचं प्रकरण संपलं," अध्यक्ष म्हणाले.

"माझ्या भावाचं संपलं."

"मग तुम्ही कोण म्हणून बोलताय? तुम्ही पक्षकार नाही."

"नाही. मी सही करणारी आहे."

चिंचणकरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा आता तितकासा नीटस दिसत नव्हता. "मॅडम, लेखी द्या," ते घाईनं म्हणाले. "लेखी द्या, आपण बघू."

"लेखी दिलं होतं. तेरा पानं." तिचा आवाज मुळातच बारीक होता, म्हणून ती सावकाश बोलली, एकेक शब्द सुटा, पडद्यावर प्रत्येक शब्द उमटेपर्यंत थांबत. धनाजी कुबडीवर वळून तिच्याकडे बघत होता. "मी कल्याणी निकम. इजाकाल चाचणीत गार पायांची जखम आहे त्यापेक्षा कमी जुनी दिसते, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी मी सह्या केल्या. हातापायांच्या हिमदंशाची चारशे बारा प्रमाणपत्रं माझ्या सहीची आहेत. त्यातलं एक रामहरी कोकरे यांचं. ती सगळी चुकीची आहेत, आणि ती सगळी मी आज मागं घेते आहे."